दिवाळीच्या सुट्टीतले रंगप्रयोग: आदल्या दिवसापासूनची तयारी

सहामाही संपली की शेजारची सात-आठ मुलं एका दुपारी आमच्याकडे जमतात. प्रयोग तासाभराचा, पण तयारीला आदल्या संध्याकाळीच लागावं लागतं.

आधी हळदीचे कागद करा, ते वाळायला वेळ घेतात. दोन चमचे हळद पाण्यात सरसरीत कालवून कापसाच्या बोळ्याने वहीच्या कोऱ्या पानांवर फासा. पानं घरातच, सावलीत वाळवा. उन्हात हळदीचा रंग उडतो. वाळल्यावर सुटी पूड झटकून टाका. माणशी दोन कागद धरा, कारण पहिला नुसत्या उत्साहातच संपतो.

सकाळी गोकर्णीची फुलं खुडा. आश्विनात वेल अजून भरलेली असते. वीसेक निळ्या फुलांचे हिरवे देठ काढून पाकळ्या दोन भांडी गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि गाळून घ्या. गोकर्ण नसली तर लाल जास्वंदीच्या पाकळ्या चालतील. गॅसजवळचं काम मुलं येण्याआधीच उरकून टाका.

वाट्या पांढऱ्या किंवा काचेच्या घ्या, स्टीलच्या वाटीत रंग कळत नाही. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा घातलेलं पाणी, साबणाचं पाणी आणि मिठाचं पाणी, अशा चार वाट्या भरा. मिठाची वाटी वगळू नका. तिच्यात फुलाचं पाणी निळंच राहतं, आणि ‘काहीच झालं नाही’ हेही मुलांना नोंदवता आलं पाहिजे. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. चुन्याने हळद लाल होते, हे दाखवायचंच असेल तर तुम्ही स्वतः चिमूटभर कालवून दाखवा. हळदीचं कुंकू कसं करत, याची गोष्ट तिथेच निघते.

एक कोरा कागद आणि पेन्सिलही हवी. थेंब टाकण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज लिहायचा. मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर आधी फोडू नका. निळं पाणी लिंबाने जांभळं-गुलाबी होतं. हळदीच्या कागदावर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने पणती काढली की रेघ तांबडी उमटते, आणि तिच्यावर लिंबाचा थेंब पडला की पुन्हा पिवळी होते. गेल्या वर्षी एक मुलगी तीच रेघ पाच वेळा लाल-पिवळी करत बसली होती. तिला कुणी घाई केली नाही. ‘असं का?’ असं कुणी विचारलंच तर सांगा, की हळदीतला करक्युमिन आणि फुलातला अँथोसायनिन हे रंग लिंबासारख्या आंबट पदार्थांत आणि सोडा-साबणासारख्या पदार्थांत वेगवेगळे दिसतात. लहानांना एवढं पुरतं.

जुने कपडे घालून यायचा निरोप आधीच द्या. तरीही सदऱ्यावर हळद सांडेल. साबण लावताच डाग लाल होईल, तेव्हा घाबरू नका. नीट खळबळून सदरा ऑक्टोबरच्या कडक उन्हात वाळत टाका आणि संध्याकाळी तो डाग मुलांना पुन्हा बघायला सांगा.