फ्रेंच बिस्त्रोतील साधे जेवण घरी कसे करावे: कांद्याचे सूप, ऑम्लेट आणि क्रेम कारामेल

पॅरिसमधील जुन्या वळणाचा बिस्त्रो म्हणजे मोजकी टेबले, फळ्यावर खडूने लिहिलेले त्या दिवसाचे दोन-चार पदार्थ आणि लहानसे स्वयंपाकघर. एकोणिसाव्या शतकात मध्य फ्रान्समधील ओव्हर्न या डोंगराळ प्रदेशातून पॅरिसला आलेली अनेक कुटुंबे कोळसा आणि वाइन विकत असत. त्याच दुकानांत ती गिऱ्हाइकांना साधे जेवणही वाढू लागली आणि शहरातील पुष्कळ बिस्त्रो अशा दुकानांतूनच वाढले. या स्वयंपाकाची सारी भिस्त कांदा, अंडी, दूध, शिळा पाव अशा स्वस्त जिन्नसांवर असल्यामुळे त्याची चव विस्तवावरच्या ताब्यातून येते. पुढे दिलेल्या तीन पदार्थांपैकी कांद्याच्या सुपाला मंद आणि दीर्घ आच लागते, ऑम्लेटला तेज आच जेमतेम मिनिटभर पुरते, तर क्रेम कारामेलला उकळी लागताच ते बिघडते. एवढे नीट सांभाळले, तर हे जेवण घरच्या गॅसवर आणि साध्या ओव्हनमध्ये उत्तम जमते.

तिन्ही पदार्थ एकाच जेवणात वाढायचे असतील, तर क्रेम कारामेल आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवावे, सूप दुपारी करून ठेवावे आणि ऑम्लेट मंडळी ताटावर बसल्यावरच करावे.

कांद्याचे सूप

पॅरिसच्या मध्यभागी ‘ले आल’ हा घाऊक भाजीपाल्याचा आणि मांसाचा बाजार होता. तो 1969 मध्ये शहराबाहेर रंजिस येथे हलवण्यात आला. मात्र तोपर्यंत रात्रभर माल वाहणारे हमाल, व्यापारी आणि नाटके संपवून उशिरा परतणारे लोक तेथल्या खाणावळींत पहाटेच्या थंडीत हेच सूप पीत असत. वरती पावाचा आणि चीजचा जाड थर असलेला वाडगा पोटभरीचा होतो, म्हणून चार माणसांच्या जेवणात यानंतर फार काही लागत नाही.

चार जणांसाठी एक किलो कांदे, 50 ग्रॅम लोणी, एक मोठा चमचा तेल, एक मोठा चमचा मैदा, 150 मिलिलिटर कोरडी पांढरी वाइन, सव्वा लिटर स्टॉक (मांस, हाडे किंवा भाज्या उकळून गाळलेले पाणी), थाइम या सुगंधी पाल्याच्या दोन-तीन काड्या, पावाचे आठ काप आणि 150 ग्रॅम किसलेले चीज घ्यावे. फ्रान्समध्ये यासाठी पिवळ्या सालीचे कांदे वापरतात. आपल्याकडचा नाशिकचा लाल कांदा अधिक तिखट असतो, पण इतका वेळ शिजल्यावर त्याचा तिखटपणा उरत नाही. फ्रेंच पाककृतींत लॉरेलचे पान सांगितलेले असते. ते मिळाले नाही तर सरळ वगळावे; आपले तमालपत्र वेगळ्या झाडाचे असून त्याला दालचिनीच्या जवळ जाणारा वास असतो, त्यामुळे ते घातले की सुपाला पुलावाची आठवण येऊ लागते.

कांदे सोलून, अर्धे करून देठाकडून मुळाकडे उभे चिरावेत. आडवे चिरलेले कांदे दीर्घ शिजवण्यात विरघळून जातात. भांडे जाड बुडाचे आणि पसरट असावे. नॉनस्टिक भांडे येथे उपयोगाचे नाही, कारण या सुपाची निम्मी चव बुडाला धरणाऱ्या खरवडीत असते आणि नॉनस्टिकला खरवड धरतच नाही. लोणी व तेल तापवून त्यात कांदा आणि अर्धा चमचा मीठ घालावे, झाकण ठेवावे आणि मध्यम-मंद आचेवर पंधरा मिनिटे शिजू द्यावे. मिठामुळे कांद्याला पाणी सुटते आणि तो न करपता मऊ पडतो.

यानंतर झाकण काढावे, आणि खरे काम येथून सुरू होते. कांद्यात वजनाच्या जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते, आणि ते आहे तोवर भांड्यातील तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. साखर आणि प्रथिने तांबूस होण्यासाठी त्याहून अधिक उष्णता लागते, त्यामुळे पहिली वीस-पंचवीस मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. या टप्प्यावर पुष्कळ जण कंटाळून गॅस मोठा करतात आणि कांद्याच्या कडा काळ्या पडून सूप कडवट होते. आच मंदच ठेवावी, सुरुवातीला दर पाच मिनिटांनी आणि शेवटी जवळपास सतत ढवळावे. बुडाला तपकिरी खरवड धरू लागली की दोन चमचे पाणी शिंपडून ती लाकडी उलथन्याने सोडवावी आणि कांद्यात मिसळावी. पुन्हा धरली की पुन्हा सोडवावी. असे चार-पाच वेळा झाले की रंग भराभर गडद होतो. एकूण पाऊण ते एक तास लागतो, आणि भांडेभर असलेला कांदा शेवटी बुडाशी चिकट, गडद तपकिरी लगद्याएवढा उरतो. वेळ वाचवण्यासाठी साखर किंवा खायचा सोडा घालण्याची पद्धत आहे. सोड्याने रंग लवकर येतो खरा, पण कांदा पिठूळ होतो, म्हणून मी त्याची शिफारस करणार नाही. बिर्याणीसाठी तळून ठेवलेला बिरिस्ताही येथे चालत नाही, कारण त्यात हा मऊ, मधुर गाभा नसतो.

आता मैदा भुरभुरून दोन मिनिटे परतावा, वाइन ओतावी आणि उरलेली सगळी खरवड सोडवून घेत वाइन जवळजवळ आटू द्यावी. वाइन नको असेल तर पाऊण वाटी पाण्यात एक मोठा चमचा सफरचंदाचे व्हिनेगर मिसळून घालावे. कांद्याच्या गोडव्याला तोलून धरणारा थोडा आंबटपणा मिळणे महत्त्वाचे आहे. मग स्टॉक आणि थाइम घालून झाकण न ठेवता अर्धा तास हलक्या उकळीवर शिजवावे. मूळ रीत गाईच्या मांसाच्या स्टॉकची आहे. कोंबडीचा स्टॉकही चांगला लागतो. शाकाहारी मंडळींनी मश्रूमची देठे, गाजर, सेलरी आणि कांद्याची स्वच्छ साले तासभर उकळून पाणी गाळून घ्यावे. सालांमुळे रंगही उत्तम येतो. मीठ अगदी शेवटी चाखून घालावे, कारण स्टॉक आणि चीज दोन्ही खारट असतात.

पावाचे काप दीड सेंटिमीटर जाडीचे करून 160 अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटे कडक वाळवावेत, म्हणजे सुपात ते फुगतात पण विरघळत नाहीत. यासाठीचा ‘बागेत’ हा लांबट फ्रेंच पाव मिळाला नाही तर इराणी बेकरीतला ब्रून पाव किंवा गोव्यातला उंडो त्याच्या बराच जवळ जातो. लादीपाव आणि गोडसर सँडविच ब्रेड मात्र टाळावेत. चीज ग्रुयेर किंवा कोंते असावे. ही दोन्ही चीज वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, वापरून करतात. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी वेष्टनावरील माहिती वाचून सूक्ष्मजीवजन्य रेनेटचे गौडा घ्यावे. डब्यातले प्रोसेस्ड चीज वितळते, पण त्याला तार सुटत नाही.

ओव्हनमध्ये चालणाऱ्या वाडग्यांत गरम सूप ओतून वर दोन-दोन काप ठेवावेत, चीज कडांपर्यंत पसरावे आणि वाडगे ट्रेमध्ये ठेवून वरच्या ग्रिलखाली पाच ते आठ मिनिटे ठेवावेत. चीज खदखदून ठिकठिकाणी तांबूस डाग पडले आणि वाडग्याच्या काठाला ते चिकटून करकरीत झाले की बाहेर काढावे. ओव्हन नसेल तर कापांवर चीज घालून ते झाकलेल्या तव्यावर वितळवावे आणि सुपावर सोडावे.

ऑम्लेट आणि हिरवे सॅलड

फ्रेंच ऑम्लेट बाहेरून पिवळेधमक, डाग नसलेले आणि आतून ओलसर असते. एका माणसासाठी तीन अंडी आणि चिमूटभर मीठ काट्याने फेटावे; पांढऱ्याचे तंतू दिसेनासे झाले की थांबावे, फेस आणू नये. वीस सेंटिमीटरच्या तव्यात 15 ग्रॅम लोणी मध्यम-तेज आचेवर वितळवावे आणि त्याचा फेस बसताच, पण ते तांबूस होण्याआधी, अंडी ओतावीत. एका हाताने तवा हलवत दुसऱ्या हाताने उलथन्याने भराभर ढवळावे. अर्ध्या मिनिटात मऊ गोळे धरू लागतात. पृष्ठभाग अजून ओला असतानाच ढवळणे थांबवावे, तवा तिरका करून ऑम्लेट कडेकडे गुंडाळावे आणि थेट ताटलीत उलटावे. आत अगदी बारीक चिरलेली पार्सले किंवा चाइव्ह एवढेच पुरे. लहान मुले आणि गर्भवती स्त्रियांसाठी मात्र ते पूर्ण शिजवावे.

सोबतच्या सॅलडसाठी एक चमचा व्हिनेगरमध्ये आधी मीठ विरघळवावे, कारण ते तेलात विरघळत नाही. मग अर्धा चमचा दिजाँ मस्टर्ड आणि थेंब थेंब करीत तीन चमचे तेल फेटून घालावे. लेट्यूसची पाने धुऊन पूर्ण कोरडी केलेली असावीत, नाहीतर मिश्रण पानांवर टिकत नाही.

क्रेम कारामेल

मुंबईच्या इराणी हॉटेलांत कारामेल कस्टर्ड म्हणून मिळणारा पदार्थ हाच. प्रथम 100 ग्रॅम साखर दोन चमचे पाण्यासह जाड भांड्यात मध्यम आचेवर ठेवावी आणि चमच्याने न ढवळता भांडेच फिरवत राहावे. ढवळल्यास साखरेचे पुन्हा खडे बनतात. रंग गडद मधासारखा झाला की लगेच एक लिटरच्या साच्यात ओतून तळभर फिरवावे. फिकट कारामेल नुसते गोड लागते; किंचित कडसरपणा आलाच पाहिजे.

अर्धा लिटर सायीचे दूध व्हॅनिलाच्या शेंगेसह गरम करावे. तीन अंडी, दोन पिवळे बलक आणि 90 ग्रॅम साखर फेस न आणता मिसळावीत, त्यावर दूध सावकाश ओतत ढवळावे, मिश्रण गाळावे आणि वरचा फेस चमच्याने काढून साच्यात ओतावे. साचा खोल ट्रेमध्ये ठेवून अर्ध्या उंचीपर्यंत गरम पाणी भरावे आणि 150 अंशांवर साधारण 50 मिनिटे भाजावे. ट्रेमधले पाणी उकळू लागले तर अंड्याची प्रथिने घट्ट आवळली जातात आणि कस्टर्डला जाळी पडते. कडा घट्ट झाल्या आणि साचा हलवल्यावर मध्यभाग थरथरला की काढावे. ते थंड होताना आणखी आळते. ओव्हन नसेल तर साच्यावर फॉइल घट्ट बसवून, शिटी काढलेल्या कुकरमध्ये तळाशी जाळी ठेवून अगदी मंद वाफेवर 35 ते 40 मिनिटे शिजवावे.

फ्रिजमध्ये निदान सहा तास, शक्यतो रात्रभर ठेवावे, कारण तेवढ्या वेळात तळाचे कडक कारामेल ओलाव्याने विरघळून पातळ पाक होतो. वाढताना कडेने पातळ सुरी फिरवावी, वर काठ असलेली खोलगट ताटली ठेवून एकदम उलटावे आणि पाक खाली उतरेपर्यंत साचा उचलू नये.