लेकराला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचंय? रडारड कमी कशी करायची ते बघा

मी तालुक्याच्या गावी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. रोज बघते, लेकरू खुर्चीपर्यंत पोचायच्या आधीच अर्धं काम बिघडलेलं असतं. सुई आणि मशीनची भीती नंतरची, पहिली भीती ते घरूनच घेऊन येतं. जेवत नाही, झोपत नाही, ऐकत नाही, काहीही झालं की आपण म्हणतो ना, "चूप बस, नाही त डॉक्टर सुई देईन तुले"... मग त्याच डॉक्टरपुढे त्यानं आनंदानं तोंड उघडावं ही अपेक्षा कशी करायची? म्हणून सगळ्यात आधी ही धमकी बंद करा. फक्त तुम्ही नाही, आजीला, मोठ्या भावाला, शेजारच्या काकूलाही सांगून ठेवा.

दुसरं म्हणजे दुखायची वाट बघू नका. आमच्याकडे बरेच जण गाल सुजल्यावरच येतात, त्यातही सोयाबीन निघालं, कापूस वेचून झाला की मग. मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, सगळं कबूल. पण रात्रभर ठणक्यानं जागं राहिलेलं पोरगं पहिल्यांदाच डॉक्टर बघतंय आणि तेही दुखत असताना, तर ते कोणाचंच ऐकत नाही आणि त्यात त्याची चूकही नाही. खरं तर पहिला दात आला की पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दाखवून आणायचं असतं. ते राहून गेलं असेल तर आता काही दुखत नसताना न्या, आणि डॉक्टरांना आधीच सांगा की आज फक्त ओळख करायची आहे, खुर्ची वरखाली करून दाखवा, दात मोजा, बस. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, ते तोंडही बघतात. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात तशीच पडू देऊ नका.

"दुधाचेच दात आहेत, पडणारच" हे मी इतक्यांदा ऐकलंय की विचारू नका. पुढचे दात सहा-सात वर्षांचं असताना पडतात हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पाच वर्षांच्या पोराची किडलेली दाढ अजून पाच-सहा वर्षं काम करणार आहे. आणि वरचा दात काढला की डोळे जातात हेही खोटं आहे, लेकरासमोर तर अजिबात बोलू नका.

आता घरी काय तयारी करायची. जायच्या दोन-तीन दिवस आधी दात मोजायचा खेळ खेळा. मोबाईलचा टॉर्च, एक छोटा चमचा, आणि लेकराला मांडीवर डोकं ठेवून आडवं करायचं. दुधाचे दात वीस असतात, वर दहा खाली दहा. आधी त्यानं तुमचे मोजायचे, मग तुम्ही त्याचे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घरात असेल तर आधी त्याचीच तपासणी होऊ द्या, डॉक्टर कोण तर आपलं लेकरू. आडवं पडून तोंड उघडं ठेवायची सवय झाली की दवाखान्यात तीच गोष्ट नवीन वाटत नाही.

सांगायचं किती? थोडंच, आणि खरं. "काहीच होणार नाही, अजिबात दुखणार नाही" असं वचन देऊ नका, कारण जरासं टोचलं की तुमच्यावरचा आणि डॉक्टरांवरचा विश्वास एकदमच जातो. "दुकानात चाललो" म्हणून फसवून आणणं तर त्याहून वाईट. असं म्हणा, "डॉक्टर तुझे दात बघतील, कीड असेल तर साफ करतील, मी तिथंच असेन." सुई, कापणं, उपटणं, रक्त हे शब्द घरी काढायचेच नाहीत. आम्ही दवाखान्यात सुईला दाताला झोपवायचं औषध म्हणतो, मशीनला पाण्याची पिचकारी, आणि थुंकी ओढणाऱ्या नळीला तर पोट्ट्यांनीच नावं ठेवलीत. लेकरानं सरळ विचारलं "सुई देतील का?" तर नाही म्हणू नका. म्हणा, "ते डॉक्टर ठरवतील, लागलं तर आधी सांगून देतील."

वेळ सकाळची घ्या, लहान पोरांसाठी तर सकाळचीच. दुपारी लेकरू झोपेला आलेलं असतं, उन्हाळ्यात आपल्याकडचं ऊन आणि वर एसटीची गर्दी, मग ते दवाखान्यात चिडूनच उतरतं. हलकं खाऊ घालून आणा, उपाशीही नको आणि पोट गच्च भरलेलंही नको. सोबत एक जण, फार तर दोन. आमच्याकडे कधीकधी आई, बाबा, आजी, मामा आणि गावातला एक जण असे सगळेच आत येतात आणि पाचही जण एकाच वेळी बोलतात, "तोंड उघड बाबू, घाबरू नको, काही नाही होत, अरे उघड ना बे!" त्यात लेकराला डॉक्टरचं ऐकूच येत नाही. आत एकाच माणसानं बोलायचं, आणि ते म्हणजे डॉक्टर. तुम्ही पायावर हात ठेवून बसा, तेवढं पुरतं. ज्याला स्वतःलाच रक्त बघून चक्कर येते त्यानं बाहेर थांबावं, पोरं आपला चेहरा वाचतात.

तीन वर्षांच्या आतलं असेल तर खुर्ची लागतच नाही. आई आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, लेकराचे पाय आईच्या कमरेशी आणि डोकं डॉक्टरच्या मांडीवर. ते रडणार, रडू द्या, या वयात रडणं चालतंच आणि रडताना तोंड उघडं असल्यानं दातही दिसतात. त्याहून मोठ्यांसाठी डॉक्टर सांगा-दाखवा-करा ही पद्धत वापरतात. अमेरिकेतल्या अ‍ॅडलस्टन यांनी १९५९ मध्ये ती मांडली आणि आजही तीच चालते. आधी साध्या शब्दांत सांगायचं, मग आरसा हातात द्यायचा, पिचकारीचं पाणी नखावर मारून दाखवायचं, आणि मग तेच तोंडात करायचं. यात पाच-दहा मिनिटं जातात, बाहेर रांग असते, तरी डॉक्टरांना घाई करायला लावू नका.

सहा-सात वर्षांच्या पुढच्या पोरांना एक खूण ठरवून द्या, डावा हात वर केला की डॉक्टर थांबणार. आणि हात वर झाला की खरंच थांबायला पाहिजे, एकदा जरी दुर्लक्ष झालं तरी त्या खुणेला अर्थ उरत नाही. बहुतेक पोरं पहिल्यांदा उगाच हात वर करून बघतात, खरंच थांबतात का म्हणून, आणि मग शांत पडून राहतात. श्वासाचंही घरी शिकवून ठेवा, नाकानं घ्यायचा आणि फुगा फुगवल्यासारखा हळूहळू तोंडानं सोडायचा.

बधिर करताना आधी हिरडीवर जेल लावतात, एक-दोन मिनिटं थांबतात, मग औषध हळूहळू सोडतात. त्या वेळी "झालं का, झालं का" करत वाकून बघू नका, तुम्ही वाकलात की लेकरूही मान वळवतं.

हातपाय दाबून धरायचं का? मला विचाराल तर साध्या कामासाठी नाही. गाल सुजलाय, आजच करावं लागणार, दुसरा मार्ग नाही, अशा वेळी डॉक्टर तुम्हाला आधी विचारून, समजावूनच धरायला सांगतील. तेवढी निकड नसेल तर सरळ विचारा, आज थांबून पुन्हा आलो तर चालेल का? छोट्या किडीवर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध लावता येतं, त्यात सुई नाही, मशीन नाही. कीड थांबायला मदत होते, फक्त किडलेला भाग कायमचा काळा दिसतो, ते आधी माहीत असू द्या. फारच घाबरणारं लेकरू असेल किंवा खूप दाढा खराब असतील तर पूर्ण भूल देऊनही करतात. त्यासाठी नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय अशा मोठ्या ठिकाणी चौकशी करा, तिथं लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो.

भुलेच्या दिवशी मात्र उपाशी ठेवणं म्हणजे उपाशीच. साधारण सहा तास आधीपासून जेवण आणि वरचं दूध बंद, दोन तास आधीपासून पाणीही बंद, पण तुमच्या डॉक्टरांनी जी वेळ लिहून दिली तीच पाळा. आजीनं माया करून गुपचूप बिस्कीट दिलं तर सांगून टाका, लपवू नका, कारण भुलेत उलटी फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं.

काम झाल्यावर ओठ दोन-तीन तास बधिर असतो. लेकराला गंमत वाटते, ते ओठ चावत बसतं, आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून पांढरा थर आला की घरचे घाबरून "पू झाला" म्हणत पळत येतात. बहुतेक वेळा ती चावल्याची जखमच असते. म्हणून बधिरपणा जाईपर्यंत काही चावायला देऊ नका आणि लक्ष ठेवा. दुखण्यावर डॉक्टरांनी वजन बघून दिलेलंच औषध द्या. मोठ्या माणसाची गोळी मोडून देऊ नका, ॲस्पिरिन तर नाहीच, आणि दाढेत तंबाखू, गुडाखू दाबायला कोणी सांगितलं तर हात जोडा.

डोळ्याखाली किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, असं काही दिसलं तर समजावण्यात दिवस घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वासाला त्रास होत असेल तर लगेच १०८ लावा.

बक्षीस द्या, पण आधी लालूच दाखवून नाही आणि चॉकलेट-कुरकुरे तर नाहीच. पतंग, गोट्या, स्टिकर काहीही चालतं, आणि कशासाठी ते सांगा, "तू एवढा वेळ तोंड उघडं ठेवलंस ना, त्याचं हे." घरी आल्यावर पाहुण्यांपुढे "लय रडला बाप्पा हा" अशी कथा लावू नका, ते तिथंच बसून ऐकत असतं आणि पुढच्या वेळी तसंच करतं. पुढची तारीख फार लांबची घेऊ नका आणि त्या दिवशी जमलं तर हलकंच काम ठेवा, साफसफाई किंवा फ्लोराइडचा लेप. आणि सहा वर्षांचं झालं की सगळ्यात मागे नवीन दाढ आली का ते बघा. तिच्या जागचा कुठलाही दात पडत नाही, ती गुपचूप येते, म्हणून लोक तिला दुधाचीच समजून सोडून देतात. ती कायमची आहे, आली की लगेच दाखवून घ्या.