घरासाठी पवनचक्की घ्यायचीय? आधी वारा मोजा

पुण्यात धायरीला माझ्या मावसभावाने गच्चीच्या कठड्याला पवनचक्की बसवली. पहिल्याच रात्री खालच्या खोलीत घुंऽऽ असा आवाज सुरू झाला आणि स्लॅबमधून उतरलेली थरथर मांडणीवरच्या वाट्यांपर्यंत पोचली. विकणाऱ्याने ‘एक किलोवॅट’ सांगितलं होतं. महिनाअखेर हिशेब केला तर जेमतेम सहा-सात युनिट. पैसे तर गेलेच, पण त्याचा हिरमोड बघवत नव्हता. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

पहिलं काम कागदावरचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, आणि निम्मा झाला की आठवा हिस्साच उरतो. २ मीटर व्यासाच्या पात्यांमधून सेकंदाला ३ मीटर वेगाचा वारा गेला, तर त्यात साधारण ४५ वॅट असतात. ६ मीटरला ३७० आणि १२ मीटरला जवळपास ३,००० वॅट. त्यातला ५९ टक्क्यांहून जास्त भाग कुठल्याच यंत्राला काढता येत नाही, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलंय. घरगुती चक्कीच्या हाती २० ते ३० टक्के लागतात. म्हणजे ३ मीटरच्या वाऱ्यात एक एलईडी बल्ब लागेल, एवढंच. पत्रकावरचा ‘एक किलोवॅट’ बहुधा १२ मीटरचा, म्हणजे ताशी ४३ किलोमीटरच्या वाऱ्याचा असतो. तसा वारा आपल्याकडे रोज कुठे असतो?

दुसरं काम वारा मोजण्याचं, आणि इथे घाई करू नका. पुण्यात जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा दमदार असतो. दिवाळीनंतर मात्र कित्येक दिवस झाडाचं पान हलत नाही. ‘ग्लोबल विंड ॲटलस’ या मोफत नकाशावर आपल्या जागेचा सरासरी वेग पाहा, पण त्यावर विसंबू नका. एक उंच बांबू घ्या, दर पाच फुटांवर रिबीन बांधा आणि वाऱ्याच्या दिवशी उभा करा. रिबिनी एका दिशेला ताठ उडाल्या तर वारा सरळ आहे. गरागरा फिरल्या, मध्येच खाली पडल्या, तर तो आजूबाजूच्या इमारतींनी घुसळलेला आहे आणि त्यात पाती, बेअरिंग लवकर झिजतात. वारा सरळ दिसला तरच फिरत्या वाट्यांचा, नोंदी साठवणारा वेगमापक घ्या आणि वर्षभर लावून ठेवा. सरासरी सेकंदाला ४ मीटरच्या आत आली तर चक्कीचा विचार सोडून द्या.

शहरातल्या सोसायटीत राहणाऱ्यांना मी स्पष्टच सांगतो, सोलर लावा. एक किलोवॅटचं पॅनेल पुण्यात वर्षाच्या सरासरीने रोज चारेक युनिट देतं. पवनचक्कीचा खरा उपयोग पानशेत, मुळशी, पुरंदरच्या बाजूला उघड्या माळावर किंवा डोंगराच्या धारेवर घर असणाऱ्यांना. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर ऊन पडत नाही तेव्हाच वारा जोरात असतो. म्हणून सोलर आणि चक्की दोन्ही एका बॅटरीवर जोडा, एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

जागा ठरवताना नियम एकच: दीडशे मीटरच्या परिसरातल्या सर्वांत उंच झाडापेक्षा किंवा घरापेक्षा पाती निदान तीस फूट वर हवीत. मनोरा जमिनीवर, घरापासून दूर. बुडाशी बिजागरी असलेला पाईप आणि चारी बाजूंना विजेच्या खांबाला असतात तशा ताणाच्या तारा, म्हणजे दुरुस्तीला चेनपुलीने आडवा करता येतो. लोहगाव विमानतळामुळे उंचीचे निर्बंध आहेत, तेव्हा परवानगीची चौकशी आधी करा.

विकत घेताना ‘किती किलोवॅट’ हा प्रश्नच विचारू नका. पात्यांचा व्यास किती आणि सरासरी ४ व ५ मीटर वाऱ्यात वर्षाला किती युनिट, हे लेखी मागा. उत्तर टाळलं तर उठून या.

स्वतः बनवायची असेल तर चुंबकांच्या दोन तबकड्या आणि मध्ये रेझिनमध्ये ओतलेली तांब्याची वेटोळी, ही रचना घरी जमण्यासारखी आहे: प्रत्येक तबकडीवर १२ चुंबक, मध्ये ९ वेटोळी. तार आणि रेक्टिफायर (एसी वीज बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधा, तबकड्या भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमधून कापून घ्या. यातले निओडायमियमचे चुंबक फार ताकदवान असतात, ते हाताळताना मुलांना खोलीबाहेर काढा. दोन चुंबक एकमेकांवर आदळतात तेव्हा मध्ये सापडलेलं बोट चिरडतं. तबकड्या हाताने जवळ आणू नका, लांब बोल्ट आणि नट घेऊन एकेक आटा फिरवत खाली उतरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पवनचक्कीला सोलरचा चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा, जोडू नका. बॅटरी भरली की तो पॅनेलची जोडणी तोडतो. पॅनेलला त्याने काही होत नाही, पण भार सुटलेली चक्की बेफाम फिरते आणि पाती उडतात. चक्कीच्या कंट्रोलरला जादा वीज हीटरच्या कॉइलमध्ये जाळायची सोय लागते. शिवाय चक्कीतून येणाऱ्या तिन्ही फेजच्या तारा एकत्र जोडणारा ब्रेकचा स्विच हाताशी ठेवा. फार जोर धरण्याआधी तो टाकला की पाती मंदावतात. मनोऱ्याचं अर्थिंग वेगळं करा. महावितरणच्या लाइनला परवानगीशिवाय काही जोडू नका, चक्कीची वीज उलटी लाइनमध्ये गेली तर लाइन बंद करून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

एप्रिलअखेर, वळीव यायच्या आत, मनोरा आडवा करा. ताणाच्या तारा आवळा, बेअरिंगला ग्रीस भरा आणि पात्याच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवा. पावसाचे थेंब ही कड खरवडतात. बोटाला कचकच लागली तर पॉलिश पेपर मारून कडेवर नवी टेप लावा, मगच पाती पुन्हा वर चढवा.