एका लाकडी बैलाच्या तेरा पोस्ट

गावात नेटवर्क येतं-जातं. त्यात डवरणी-निंदणीच्या दिवसांत इन्स्टाग्रामवर रोज पोस्ट टाकणं काही होत नाही. मग रोजच्या भानगडीत पडूच नका. आठवड्यातून दोन, पण ठरलेल्या वारीच.

समजा, तुम्ही तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं मिरवतात ते, लाकडी बैल घडवता. तयार बैलाचा एक फोटो टाकला की विषय संपला. तोच बैल तुकड्या-तुकड्यानं दाखवा: ओंडक्यावर खडूनं ओढलेली पाठीची रेघ, पटाशीखाली निघणाऱ्या ढलप्या, वाकडं बसलेलं शिंग (हे लपवू नका, लोकांना तेच आवडतं), चाकांची पाटी, झूल. डोळ्याचं रील मात्र निवांत काढा. काळा ठिपका टेकला की लाकूड एकदम आपल्याकडे पाहायला लागतं. मागे गाणं नको, पटाशीचा आवाज बरा.

आखाडी (आषाढ पौर्णिमा) ते पोळा दीड महिना, म्हणजे तेराएक पोस्ट. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात की चहाच्या टपरीवर बसून पुढच्या आठवड्याच्या दोन्ही शेड्यूल करून टाका. इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल (धंद्यासाठीच्या) अकाउंटवर ७५ दिवस पुढचंही लावून ठेवता येतं. एकदा लागलं की गावात रेंज नसली तरी पोस्ट आपल्या वेळेला जाते.

आणि ‘केवढ्याले देता भाऊ?’ असं कोणी विचारलं, तर भाव तिथंच लिहा. ‘इनबॉक्समध्ये या’ म्हटलं की अर्धे गिऱ्हाईक परत फिरकत नाही.