वॉबॅश निकाल अभ्यासताना या चुका टाळा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा, वॉबॅश या रेल्वे कंपनीच्या खटल्यातला १८८६ चा निकाल एलएलबीच्या नोट्समध्ये बहुधा एका ओळीत उरकतात: ‘राज्यांना रेल्वेवर नियंत्रण ठेवता येत नाही.’ आपल्याकडे रेल्वे राज्यघटनेच्या केंद्र सूचीत (केंद्राने कायदे करायच्या विषयांच्या यादीत), नोंद २२ मध्ये, त्यामुळे हे वाक्य आपल्याला चटकन पटतं. पण निकाल असं म्हणतच नाही.

आधी हिशोब बघा. माल जाणार न्यूयॉर्कला, इलिनॉय राज्यातल्या दोन गावांतून. पिओरियाहून दर शंभर पौंडांना १५ सेंट, गिल्मनहून २५. म्हणजे २६,००० पौंडांच्या वाघिणीला पिओरियावाल्याने मोजले ३९ डॉलर आणि गिल्मनवाल्याने ६५, आणि तेही पिओरियाचा माल राज्यात ८६ मैल जास्त फिरून. चढाओढ असेल तिथे दर पाडायचे आणि गिऱ्हाइकाला दुसरी गाडीच नसेल तिथे वसूल करायचे, ही त्या काळच्या कंपन्यांची रीत. इलिनॉयच्या कायद्याने ती गुन्हा ठरवली होती. राज्याचं सर्वोच्च न्यायालय राज्याच्या बाजूने गेलं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्या. मिलर यांनी सहा विरुद्ध तीन मतांनी ते फिरवलं.

यावरून ‘कंपनीचे दर योग्य ठरले’ असं लिहिलंत तर गुण गेलेच म्हणून समजा. दर न्याय्य की अन्याय्य, हा वाद नव्हताच. आंतरराज्य प्रवासाच्या भाड्यावर नियम कोणी करायचा, एवढाच होता. उत्तर: फक्त काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने.

‘मन (Munn) खटला रद्द झाला’ हीसुद्धा नेहमीची चूक. १८७७ च्या मन निकालाने शिकागोच्या धान्य कोठारांचे दर ठरवायची मुभा राज्याला दिली होती, ती शाबूत राहिली. कात्री लागली मन निकालाच्याच दिवशी आलेल्या पीक (Peik) निकालाला. काँग्रेस गप्प असेपर्यंत राज्याने आंतरराज्य भाड्यातही हात घालावा, असं त्याने चालवून घेतलं होतं.

आंतरराज्य वाणिज्य आयोग (रेल्वेवर देखरेख करणारा केंद्रीय आयोग) वॉबॅश निकालातूनच जन्मला, हेही अर्धवट. अशा आयोगाची शिफारस करणारा सिनेटर कलम (Cullom) यांच्या समितीचा अहवाल जानेवारी १८८६ मध्येच आला होता, निकाल ऑक्टोबरचा. त्याने घाई झाली, एवढं खरं. ४ फेब्रुवारी १८८७ ला आयोगाचा कायदा झाला, पण कमाल दर ठरवायचा स्पष्ट अधिकार आयोगाला १९०६ मध्ये मिळाला.

गोंधळ उडाला की एकच विचारा: माल कुठे चढला, कुठे उतरला? दोन्ही ठिकाणं एकाच राज्यात असतील तर या निकालाप्रमाणे दर राज्याच्या हातात. मात्र ही कसोटी १९१४ च्या श्रीव्हपोर्ट खटल्याला लावू नका. ६० सेंटमध्ये डॅलसहून माल टेक्सासातच १६० मैल जाई, तर लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टहून टेक्सासात फक्त ५५. हा भेदभाव मोडण्यासाठी तिथे राज्यांतर्गत दरातही आयोगाला हात घालू दिला गेला.