सरपंचाचं टोकन सरपंचाच्याच खिशात: डीएससी वापरायची नीट पद्धत

आपल्याकडच्या बऱ्याच ग्रामपंचायतीत ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये डीएससीचे, म्हणजे डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटचे, दोन टोकन पडले राहतात, एक सरपंचाचं अन् एक ग्रामसेवकाचं, वरून मागं चिकटपट्टीवर पिन लिहिलेला. काम लवकर उरकते म्हणून लोक असं करतात हे मान्य, पण भाऊ, ई-ग्रामस्वराज पोर्टलवर वित्त आयोगाचा पैसा काढायला मेकर (पेमेंट टाकणारा) वेगळा अन् चेकर (तपासून मंजूर करणारा) वेगळा काहून ठेवला, तर एकट्याच्या हातून पैसा जाऊ नये म्हणूनच ना! दोन्ही टोकन एकाच ड्रॉवरमध्ये म्हणजे सह्या करून ठेवलेलं कोरं चेकबुक झालं.

टोकन दिसते पेनड्राइव्हसारखं, पण आत स्मार्ट कार्डातलीच चिप राहते. तुमची प्रायव्हेट की (सही करायची गुप्त चावी) त्या चिपमध्येच तयार होते अन् तिथून बाहेर निघतच नाही, कॉपी मारता येत नाही, कम्प्युटर फक्त सही करायचा मजकूर आत देते अन् सही बाहेर घेते. म्हणून व्हायरस आला तरी की चोरता येत नाही. पण टोकन लावून ठेवलं अन् पिनही टाकलेला असला तर तोच व्हायरस तुमच्या नावानं सही करून घेऊ शकते, म्हणून काम झालं की लगेच उपसायचं, चहाला जाताना तर नक्कीच.

आता लावायचं कसं. आधी त्या टोकनचं स्वतःचं सॉफ्टवेअर टाका, काही टोकन लावल्यावर सीडी ड्राइव्हसारखे दिसतात अन् सेटअप त्यातच भेटते, नाहीतर कंपनीच्या साइटवरून घ्या, यूट्यूबच्या खालच्या कोणत्याही लिंकवरून नका घेऊ. मग टोकन मॅनेजर उघडून पयले पिन बदला, बऱ्याच टोकनला १२३४५६७८ असाच पिन येते. हा पिन ज्याचं टोकन त्यानंच टाकायचा, ऑपरेटरनं कीबोर्ड सरकवून द्यायचा. ठरावीक वेळा पिन चुकला की टोकन लॉक होते, म्हणून अंदाजे ठोकत बसू नका. अन् 'इनिशियलाइज' नावाचं बटन दिसते त्याला हात लावू नका, सर्टिफिकेट सगळं पुसून जाते, मग नवीन काढा अन् पैसे भरा.

पोर्टलवर सही करताना सायनर सॉफ्टवेअर (टोकनची सही पोर्टलला पोचवणारं) मागं चालू पाहिजे. तरी सर्टिफिकेट दिसलं नाही तर टोकन सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावून पाहा, समोरचे पोर्ट लय ढिले होतात. अन् तारीख पाहा! लाईन गेली-आली की जुन्या कम्प्युटरची तारीख मागं जाते, मग चांगलं सर्टिफिकेटही चालत नाही अन् आपण टोकनला दोष देत बसतो. मदरबोर्डवरचा गोल सेल बदलला की झालं.

जीमेल, फेसबुकच्या लॉगिनला हे डीएससी टोकन चालत नाही, त्याला फिडोवाली सिक्युरिटी की (लॉगिनसाठीच बनवलेलं छोटं यंत्र) वेगळी घ्यावी लागते. पण मेळघाटासारख्या भागात टॉवर गेला की ओटीपीची वाट पाहत बसा, या कीला मोबाईलची रेंज लागत नाही, इंटरनेट असलं की पुरे. अन् ओटीपी तुम्ही नकली साइटवरही टाकून बसता, ही की मात्र खऱ्या साइटच्या पत्त्याशीच बांधलेली राहते, ब्राउझरला पत्ता वेगळा दिसला तर त्या खात्याचं उत्तरच भेटत नाही. घ्यायच्या तर दोन घ्या, दोन्ही खात्याला जोडा, एक घरी कपाटात ठेवा.

डीएससी टोकन हरवलं तर गावभर शोधत फिरू नका, ज्यांच्याकडून सर्टिफिकेट काढलं त्यांना लगेच कळवून ते रद्द करा. आयटी कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे की सांभाळायची अन् ती दुसऱ्याच्या हाती गेली तर तात्काळ कळवायची जबाबदारी सर्टिफिकेटवाल्याचीच आहे. सरपंच बदलले तरी तसंच, जुन्याचं सर्टिफिकेट रद्द, पोर्टलवरून त्यांची नोंद काढायची, अन् नवीन सरपंचाच्या नावाचं नवीन काढूनच पुढचं पेमेंट टाकायचं.