वेग मंदावला? आधी पट्टा पुसा
बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबलवर (रबरी पट्ट्याने फिरणाऱ्या रेकॉर्ड प्लेयरवर) गाणं किंचित उतरल्या सुरात वाजू लागलं, की मोटरला दोष देण्याआधी पट्टा काढून बघा. रबरावर बोटांचं तेल बसलं की तो पुलीवर (मोटरच्या छोट्या चाकावर) घसरतो. पट्टा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवा. पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने. मग रेकॉर्डच्या लेबलवर छोटी स्ट्रोब डिस्क (रेघांची वर्तुळं छापलेली चकती) ठेवून वेग तपासा, तोही सुई टेकवून, कारण तिच्या घर्षणाने वेग जरासा उतरतो. ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांचं वर्तुळ स्थिर दिसायला हवं. रेघा थांबल्यासारख्या दिसतात त्या विजेच्या तालावर लुकलुकणाऱ्या दिव्याखालीच, म्हणून बरेचसे एलईडी दिवे इथे कुचकामी. साधा पिवळा बल्ब बरा. प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) जड असेल तर सुरू करताना हाताने हलका रेटा द्या, पट्टा कमी ताणला जातो.